मैदानावरची पंधरा वर्षं आणि पंचावन्न टक्के

कॉलेजात खेळ कोणी शिकवावा? जो आयुष्यभर तो खेळ खेळलाय त्याने, की ज्याच्या फाईलला सगळे कागद लागलेत त्याने? प्रश्न बाळबोध वाटेल, पण आपल्या व्यवस्थेने त्याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलंय. या विकांताला त्या उत्तराशी भांडायचा विचार आहे.

आधी एका बाईंची गोष्ट. डॉन स्टेली. उत्तर फिलाडेल्फियातल्या सरकारी घरकुलांच्या वस्तीत वाढलेली मुलगी. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी. 1996, 2000 आणि 2004 अशी ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. 2000 साली तिच्याच वस्तीजवळच्या टेंपल युनिव्हर्सिटीने तिला मुख्य प्रशिक्षक नेमलं. गंमत म्हणजे तेव्हा ती अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये अजून खेळत होती आणि 2006 पर्यंत खेळत राहिली. प्रशिक्षणाचा अनुभव? शून्य. तरी नेमलं. टेंपलमध्ये आठ वर्षं काढून 2008 मध्ये ती साउथ कॅरोलायनाला गेली. तिथला पहिला हंगाम 10 विजय, 18 पराभव. आपल्याकडे एवढ्यावर चौकशी समिती बसली असती. तिथे थांबले. मग 2017, 2022 आणि 2024 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली, आणि 2024 चं तर 38 पैकी 38 सामने जिंकून.

आता वाशीमला या.

1998 मध्ये अकोल्यातून वेगळा निघालेला आमचा जिल्हा. कॉलेजं अमरावती विद्यापीठाला जोडलेली. आणि अमरावती म्हणजे काही ऐरंगैरं गाव नाही बरं का. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे 1914 पासून आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. म्हणजे परंपरेचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो संध्याकाळी पाच वाजता मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचा. मी ज्या कॉलेजात शिकलो (नाव राहू द्या) तिथे बास्केटबॉलचं कोर्ट होतं. त्याच्या एका रिंगखाली सायकली लागायच्या. फिजिकलचे सर होते, भला माणूस, पण परीक्षेचं काम, एनएसएसचं शिबिर, प्रवेशाची रांग हे सगळं त्यांच्याच गळ्यात. आम्ही पोट्टे एकमेकांकडून बघून बघून खेळलो, आणि एकमेकांच्या चुका इमानेइतबारे शिकलो.

ही कुणा एका सरांची चूक नाही. नियमच बघा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकपदाला दोन दारं ठेवली. पहिलं दार: शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी, नेट-सेट किंवा पीएचडी, फिटनेस चाचणी, आणि स्पर्धेत खेळल्याचा पुरावा. यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही चालते. दुसरं दार खेळाडूंसाठी: एशियाड किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतलं पदक, अधिक कुठल्याही विषयातली पदव्युत्तर पदवी.

वाचायला छान वाटतं ना? आता त्या दुसऱ्या दारातून कोण आत जाऊ शकतो ते मोजा. बास्केटबॉलमध्ये भारताला या दोन्ही स्पर्धांत आजवर एकही पदक नाही. म्हणजे 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकला खेळलेल्या आपल्या बास्केटबॉल संघातला माणूससुद्धा त्या दारातून आत जात नाही! खो-खो तर आपल्या मातीतला खेळ. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताने दोन्ही गटांत नेपाळला हरवून तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार मराठी: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. पेढे वाटून झाले. पण खो-खो एशियाडमध्ये पदकाचा खेळ नाही, राष्ट्रकुलमध्येही नाही. सबब त्यांचं जगज्जेतेपद या दारावर काही कामाचं नाही. या दोघांना असली नोकरी हवीय असं मी म्हणत नाही. पण जो नियम विश्वविजेत्या कर्णधाराला "पदक नाही" म्हणून परत पाठवेल, तो नियम खेळाडूंसाठी केलाय असं तरी म्हणू नका.

आता तुम्ही म्हणाल, चांगला खेळाडू म्हणजे चांगला गुरू असं थोडंच असतं? अगदी कबूल. पॅट्रिक युइंग घ्या. एनबीएतला दादा माणूस. 2017 मध्ये ज्या जॉर्जटाउनला स्वतः खेळला तिथेच प्रशिक्षक झाला. 2021-22 मध्ये त्याचा संघ आपल्या गटातले 19 च्या 19 सामने हरला आणि 2023 मध्ये त्याला नारळ मिळाला. पण माझा मुद्दा नेमका हाच आहे. त्याला निकालावर घेतलं, निकालावर काढलं. आपल्याकडे निकालाचा हिशोब कुठेच नाही. आत येताना कागद बघायचे, आणि पुढे मैदानावर गवत वाढलं काय नि सायकली लागल्या काय, कोण विचारतो?

दुसरा आक्षेप पैशाचा. स्टेलीला 2025 च्या करारानुसार वर्षाला सुमारे 40 लाख डॉलर मिळतात, आपण कुठून आणणार? अहो, ते मागतंय कोण? आणि संचालकपदही रद्द करू नका. परीक्षा, शिबिरं, क्रीडा महोत्सव यांना तो माणूस लागतोच. त्याच्या जोडीला संध्याकाळचे दोन तास खेळलेला माणूस द्या, एवढंच.

बरं, वाट आधीच सापडलेली आहे. 2022 मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणला. उद्योगात किमान 15 वर्षं काढलेला माणूस पीएचडी नसतानाही कॉलेजात शिकवू शकतो, ठराविक मुदतीसाठी. म्हणजे माझ्यासारखा, पंधरा वर्षं दुसऱ्यांचे बग निस्तरलेला माणूस वर्गात चालतो. मग पंधरा वर्षं रेल्वेकडून किंवा पोलिसांकडून खेळलेला माणूस त्याच धर्तीवर मैदानावर का चालू नये? तीन वर्षांचा करार करा, पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा असेल तर दुधात साखर, आणि तीन वर्षांनी संघ कुठे पोचला ते बघा. नाही जमलं तर नमस्कार.

याचा फटका कोणाला बसतो? पुण्या-मुंबईच्या पोरांना नाही. त्यांना क्लब आहेत, फी भरून मिळणारे कोच आहेत. फटका बसतो तो वाशीम, रिसोड, मंगरूळपीरच्या पोरींना, ज्यांच्यासाठी कॉलेजचं मैदान हे एकच मैदान आहे. आणि बसतो त्या खेळाडूला, जो पस्तिशीत गुडघे घेऊन गावी परततो आणि ज्याला काय येतं हे विचारायलाही कोणी नसतं.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात काय? हिंजवडीत बसून आपण माजी विद्यार्थी मेळाव्याला जातो, कॉलेजला एखादा प्रोजेक्टर भेट देतो, फोटो काढतो. यंदा प्रोजेक्टर राहू द्या. दहा जणांनी महिन्याला अडीच-अडीच हजार काढले तर पंचवीस हजार होतात. प्राचार्यांना पत्र लिहून म्हणा, या पैशांतून संध्याकाळसाठी एक खेळाडू ठेवा, डिग्री आम्ही विचारणार नाही. आमचं पत्र या आठवड्यात जातंय. वाशीमकडचे कोणी वाचत असाल तर कळवा, दहामध्ये अजून चार जागा रिकाम्या आहेत.