लाल अक्षरं आधी वाचा, मग ठरवा!

आपल्यातले बरेच जण आज मुलांसाठी स्वतःच खेळ, चाचण्या, ऑफलाइन ॲप तयार करतात. मीही अँड्रॉइड स्टुडिओवर पहिलीसाठी अंकांचं छोटं ॲप केलं. घरच्या विंडोज लॅपटॉपवर ते व्यवस्थित तयार झालं. तेच फोल्डर पेनड्राइव्हने सहकारी मॅडमच्या उबुंटू संगणकावर नेलं, तर नुसती लाल अक्षरं!

मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्याला नाही जमायचं हे." मी म्हणालो, "तुमचा कॉम्प्युटरच बिघडलाय." दोघेही चुकलो होतो.

ॲपचे तुकडे जोडून एक फाईल बनवण्याचं काम 'ग्रॅडल' करतं. अडलं की 'व्हॉट वेंट राँग' असं शीर्षक देऊन त्याखाली कारणही लिहितं. आम्ही ते वाचलंच नव्हतं. शांतपणे वाचलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या.

१. उबुंटूवर एखादी फाईल चालवायची तर तिला तशी परवानगी द्यावी लागते. ती दिलेली नव्हती.

२. एका फोल्डरचं नाव कॅपिटल अक्षराने होतं आणि बिल्डच्या फाईलमध्ये तेच स्मॉल अक्षराने. विंडोज दोन्ही एकच समजतं, उबुंटूसाठी ती दोन वेगळी नावं.

पुढे उलटही घडलं. मॅडमनी 'अंकगणित' असं देवनागरी नाव दिलेलं फोल्डर त्यांच्याकडे चाललं, माझ्या विंडोजवर बिल्ड थांबलं. नाव इंग्रजी अक्षरांत केलं आणि काम झालं.

म्हणून माझं मत असं, की अडलं तर लगेच सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करू नका. आधी संदेश वाचा. तिथे चाललं आणि इथे नाही, तर दोन्हीकडे वेगळं काय आहे ते शोधा. जावाची आवृत्ती, फाईलचं नाव, परवानगी. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही.

आता वर्गाकडे वळूया. आपल्या सोलापुरात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. घरी दुकानाचा हिशोब तोंडी करणारं मूल वर्गात 'हातचा' शब्दाला अडतं. आपण वहीवर लाल फुली मारतो आणि पालकांना सांगतो, "गणितात कच्चा आहे." गणित तेच असतं हो, भोवतालची भाषा बदललेली असते.

संगणकाची लाल अक्षरं निदान कारण तरी सांगतात. आपली लाल फुली तेवढंही सांगत नाही. पुढच्या वेळी फुलीशेजारी एक ओळ लिहून बघा, नेमकं कुठे अडलं ते. आणि पालकहो, मार्क बघण्याआधी ती ओळ मुलासोबत बसून वाचा.

तुमचा अनुभव नक्की कळवा.