मुक्या सोबत्याची तसबीर

ज्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी सन्मानाने विराजमान असतात, त्याच भिंतीवर घरच्या कुत्र्याचे किंवा मांजराचे हाताने रंगविलेले चित्र लावण्याचा मनोदय कोणी प्रकट केला, म्हणजे त्यास उधळपट्टी ठरविणारा लोकग्रह मला सर्वथा अन्याय्य वाटतो. राणी व्हिक्टोरियाने १८४१ साली पती अल्बर्ट यास नाताळची भेट देण्यासाठी लँडसीअर या चित्रकाराकडून अल्बर्टच्या ‘इऑस’ नामक ग्रेहाउंड कुत्रीचे चित्र करवून घेतले. त्यात अल्बर्ट स्वतः नाही, परंतु त्याची उंच हॅट, हातमोजे आणि काठी यांच्या सान्निध्यात उभी असलेली ती कृष्णवर्ण कुत्री पाहताच धन्याच्या आगमनाची तिची उत्कंठा प्रेक्षकाच्या अंतःकरणास भिडते. छायाचित्र एक क्षण टिपते. कुशल चित्रकार मात्र अनेक क्षणांच्या निरीक्षणातून स्वभावाचा सारांश काढतो. म्हणूनच, प्राणी हयात असतानाच हे काम सोपवावे, चित्रकारास त्याच्या सहवासात निवांत बसू द्यावे, आणि बयाणा देताना घासाघीस न करता श्रमांचा यथायोग्य मोबदला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या जिवाने मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आयुष्यभर आपल्या उंबरठ्याची राखण केली, त्याचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. आणि त्या निमित्ताने गावोगावच्या व्यक्तिचित्रकारांस काम मिळाले, तर प्रेमाबरोबर कलेचाही योगक्षेम चालेल.