पत्रिकेच्या आडून

पनवेलमधल्या एका घरात गेल्या महिन्यात मोबाइलवर निरोप आला. 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.' पुढे जोडलेले हात. मुलीच्या वडिलांनी दाते पंचांग काढले आणि गुणमेलनाच्या कोष्टकात दोन्ही नक्षत्रे धरून बोट सरकवले. गुण 28. नाडी वेगळी. मंगळ दोघांनाही नाही. शिवाय मुलाकडच्यांनी बायोडेटात स्वतःच लिहिले होते : पत्रिका पाहायची नाही. वडिलांनी पंचांग मिटले आणि उत्तर पाठवले, 'हरकत नाही. योग नव्हता.'

हे सगळे सभ्यपणात बसते. त्यांनी फोन करून 'नेमकं कुठं अडलं हो?' एवढे विचारले असते, तर मात्र ओळखीपाळखीत कुजबुज झाली असती. माणसे चिवट आहेत, नकार पचत नाही, मध्यस्थाला उगाच अडचणीत आणले. म्हणजे थाप मारणाऱ्यावर कसलेच बंधन नाही. जो ती ओळखतो, त्याने गप्प बसायचे.

थाप तरी कसली? माणूस सहसा तपासता येणार नाही असे काही सांगतो. पोट बिघडले होते, रेंज नव्हती, हार्बर बंद पडली होती. पत्रिका तशी नाही. गुणमेलन हे सरळ गणित आहे. वर्णाचा 1 गुण, वश्याचे 2, असे चढत चढत नाडीचे 8, एकूण 36. निम्मे, म्हणजे 18 भरले की चालते असे मानतात. नक्षत्र आणि चरण माहीत असले की कोष्टक कोणालाही वाचता येते. आता तेवढेही कष्ट नकोत. जन्मवेळ टाकली की अ‍ॅप आकडा सांगते. इतकी उघडी थाप दुसऱ्या कुठल्या व्यवहारात एक दिवस टिकली नसती. इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती पडताळून पाहणेच आपण असभ्य ठरवून ठेवले आहे.

यावर ठरलेले उत्तर असते : कशाला कुणाचे मन दुखवायचे? हे पटलेही असते. पण पनवेलच्या मुलांना दादर-ठाण्याकडून वर्षानुवर्षे तोंडावर ऐकवले गेले आहे, 'स्थळ छानच आहे हो, पण पनवेल फार लांब पडतं.' 1998 मध्ये हार्बरची लोकल इथवर आली, तरी पनवेल लांबच राहिले. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. आता कदाचित जवळ येईल. 'लांब पडतं' ऐकून मुलाच्या आईला काही वाटत नाही असे थोडेच आहे? पण ते सांगताना कुणाला पत्रिका आठवली नाही. कारण तसे म्हणण्यात बोलणाऱ्याचे काही जात नव्हते.

पत्रिका निघते ती निराळ्या वेळी. मुलीचा रंग. तिचा पगार मुलापेक्षा जास्त. तिला भाऊ नाही, म्हणजे पुढे आईवडील जावयाच्या गळ्यात. मोठ्या बहिणीचा घटस्फोट. घर भाड्याचे. ही कारणे सांगितली तर ऐकणाऱ्याला लागेल, हे खरेच. पण त्याआधी बोलणाऱ्याचे घर उघडे पडेल. दोन पिढ्या शिकलेले, गणेशोत्सवात व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारे कुटुंब मुलगी सावळी म्हणून नाही म्हणते, हे मोठ्याने उच्चारावे लागले तर ते आधी त्याच घरातल्यांच्या कानावर पडेल. एखादी लेक विचारेलही, 'म्हणजे काय?' पत्रिका पुढे केली की ती वेळच येत नाही. खरे कारण घडी न मोडता कपाटात राहते. पुढच्या स्थळाला पुन्हा उपयोगी पडते.

आणि निरोप मिळालेले सगळेच कोष्टक काढून बसत नाहीत. काहींना तो खरा वाटतो. दोन-तीन ठिकाणी पत्रिका अडली की आई ज्योतिषाकडे जाते. मग शांती, मग त्र्यंबकेश्वर, मग कुणीतरी सांगितलेला उपास. मुलगी ऑफिसात रजा टाकते आणि नसलेल्या दोषाच्या निवारणासाठी पाटावर बसते. ज्यांनी तो दोष काढला, ते तोवर दुसऱ्या कुणाकडे पोहे खात असतात.

पत्रिकेला कोणी उलट प्रश्न विचारल्याचे एक ठळक उदाहरण आहे, पण ते थेट न्यायालयातले. बोरिवलीत नोंदवलेल्या एका गुन्ह्यात लग्नाचे वचन देऊन फसवल्याचा आरोप होता. पत्रिका जुळली नाही म्हणून लग्न होऊ शकले नाही, असा आरोपीचा बचाव. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. संदीप शिंदे यांनी तो मानला नाही. पत्रिकेच्या नावाखाली वचन टाळल्याचे दिसते, असे सांगून त्यांनी दोषमुक्तीचा अर्ज फेटाळला. ते प्रकरण अर्थातच वेगळे आणि गंभीर. स्थळ नाकारणे हा काही गुन्हा नव्हे. नाही म्हणण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आहे, आणि कारण न सांगण्याचाही. मग खोटे कारण जोडायची गरज काय, हे कळत नाही.

'आमचा नकार आहे.' एवढे पुरते. त्यात कुणाचा रंग निघत नाही, कुणाचे घर निघत नाही, ग्रहांनाही त्रास नाही. मुलीच्या वडिलांना त्याच दिवशी पुढचा फोन करता येतो. पण हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. ते उद्धट वाटते म्हणे. 'कळवतो' म्हणून दोन महिने न कळवणे उद्धट वाटत नाही.

वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जात गण, नाडी, चरण, रक्तगट यांना रकाने असतात. कुठे कुठे चष्म्याच्या नंबरालाही. त्याच अर्जाच्या तळाशी एक ओळ छापायला हरकत नसावी : पसंती नसल्यास आठ दिवसांत 'नकार' एवढेच कळवावे, कारण देऊ नये. पनवेलच्या मंडळांनी सुरुवात करावी. अर्ज भरायला आलेल्या पालकांना ती ओळ खटकेल. खटकू द्यावी.