फुलपतंगाला बांध ठाऊक नसतो

मानवत, सेलू, पाथरीच्या काळ्या रानात कपाशी उभी असते, तेव्हा तिच्या पानापानावर एक संसार चाललेला असतो. पान सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. त्याचा रस मावा आणि तुडतुडे शोषतात. माव्यावर ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी जगते, कोळी हाती लागेल ते खातो आणि पक्षी कोळ्यालाही सोडत नाहीत. शास्त्र याला अन्नसाखळी म्हणते. वस्तुतः हे जाळे आहे.

या जाळ्याचा हिशेब कठोर आहे. एका पायरीवरील ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच वरच्या पायरीला मिळतो. उरलेली जगण्यातच खर्च होते. म्हणून मावा हजारोंनी असतो आणि ढालकिडे मोजके. फवारणीत दोघेही मरतात. परंतु वाचलेल्या माव्याला पान जागच्या जागी मिळते आणि त्याची मादी नराविनाही पिले देते. ढालकिड्याला मात्र मावा पुन्हा वाढेपर्यंत उपास घडतो. कीड परतते, तिचा शत्रू परतत नाही. दुसऱ्या फवारणीची गरज पुष्कळदा पहिल्या फवारणीनेच निर्माण केलेली असते, हे दुकानदार कशाला सांगेल? आणि गावात सल्ला देणारा बहुधा तोच असतो.

२००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली. हिरव्या बोंडअळीचा जाच काही वर्षे कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी. आपल्याकडे ती जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. तिचे सारे अन्नच विषारी झाले, तेव्हा विष पचवणाऱ्या अळ्याच उरल्या आणि त्यांचाच वंश वाढला. हे टळावे म्हणून कडेने साधी कपाशी लावण्यासाठी वेगळे बियाणे पाकिटासोबत दिले जाई. ते फारसे कुणी पेरले नाही. यात शेतकऱ्याच्या अज्ञानाला बोल लावणे सोपे आहे. पण दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू धन्याने अळीसाठी ओळी सोडायच्या, तोटा एकट्याने सोसायचा आणि लाभ साऱ्या शिवाराचा, हा व्यवहार त्याला कसा परवडावा? जिथे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते, तिथे फरदड राखली जाते आणि अळीचे ताट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाढलेले राहते.

२०१७ साली मराठवाडा-विदर्भात गुलाबी अळीने बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते, तसे रोजंदारीचे मजूरही होते.

फुलपतंग बांध ओळखत नाही. एकाने डिसेंबरअखेर रान मोकळे केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर पहिल्याचे कष्ट वाया जातात. कामगंध सापळे, पेरणीची वेळ, पीक काढण्याची तारीख, हे निर्णय गावाने एकत्र घ्यावयाचे आहेत. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील मेहबूब बागेच्या केंद्राने रसशोषक किडींना तोंड देणारे देशी वाण दिले आहेत. ते ज्ञान ग्रामसभेत आणण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.

एक अडचण मात्र पत्रकांत सहसा येत नाही. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत अळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून त्या नष्ट करा, असे सांगितले जाते. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे. पण मजुराच्या घरी त्याच पऱ्हाट्यांवर वर्षभर चूल पेटते. तिच्या सरपणाची पर्यायी सोय काय, हे त्याच ग्रामसभेत, त्याच ठरावात लिहिले गेले पाहिजे.