आधी गाळणी, मग पंप

कुंभकोणमजवळचे तिरुप्पनंदाळ हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव. या प्रदेशातील अनेक देवळांच्या तळ्यांत कालव्याने नदीचे पाणी येई व दुसऱ्या वाटेने निघून जाई. परसातील कोई माशांच्या तळ्याला अशी वाट नसते. ते काम पंप आणि गाळणीला करावे लागते. पाणी गढूळले, की लोक मोठा पंप आणतात. परंतु माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. गाळणीतील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर कमी घातक नायट्रेट करतात. म्हणून आधी गाळणी वाढवावी, मग तिला पेलेल असा पंप बसवावा. गाळणी तळ्याच्याच पाण्याने धुवावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी नुसते स्वच्छ दिसून भागत नाही. ते माशांना मानवले पाहिजे.