लाटेवरील स्वारी

सुटींत काशीद-मुरूडकडे सहकुटुंब जाण्याचा प्रघात आतां पुष्कळ घरांतून पडला आहे आणि चित्रपटांत पाहिलेला 'सर्फिंग'चा खेळ शिकण्याचा मुलांचा हट्टही त्याबरोबर आलाच. फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या ड्यूक काहानामोकू यानें तो देशोदेशीं नेला. आपल्याकडे कर्नाटकांत मुल्की येथें २००४ पासून एका वैष्णव आश्रमानें त्याचें शिक्षण दिलें, हें वाचून आजीबाईंसही कौतुक वाटेल!

फळीवर पालथें पडून हातांनीं पाणी मागें सारावयाचें आणि लाटेनें फळी उचलली कीं झटकन् उभें राहावयाचें, एवढीच कृति. हिवाळ्यांत रायगडच्या किनाऱ्यावर लाटा लहान असतात. कसलेल्या खेळाडूस त्या नीरस वाटतील, नवशिक्यास मात्र त्याच बऱ्या. पावसाळ्यांत फळीचें नांवही काढूं नये. त्या दिवसांत कोळीही होड्या वर ओढून ठेवतात.

परंतु फळीच्या आधीं पाणी ओळखावयास शिकलें पाहिजे. लाटांनीं किनाऱ्याशीं आणलेलें पाणी पुष्कळदां एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें समुद्रांत परततें. तेथें लाटा फारशा फुटत नाहींत. म्हणून ती जागा शांत दिसते आणि अजाण माणूस नेमका तेथेंच उतरतो. सराईत खेळाडू याच ओढीवर फळी टाकून विनासायास आंत जातो! ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊं नये; तरंगत राहावें, हात वर करून हांक द्यावी, आणि पोहतां येत असल्यास किनाऱ्यास समांतर पोहून ओढीबाहेर पडावें. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड येथें पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीं ना वादळ होतें, ना पावसाळा.

कुलाबा किल्ल्याची कोरडी वाट कांहीं तासांत पाण्याखालीं जाते, हें अलिबागेस गेलेल्या सर्वांनीं पाहिलें आहे. तरी समुद्रांत उतरतांना भरती-ओहोटी विचारणारे थोडेच! वास्तविक पंचांग घरोघर असतें. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानानें निघते, ही कोंकणांतली जुनी रीत आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. आणि पुढें सुमारें सहा तासांनीं पुरी ओहोटी.