बंद करून परत चालू करा, म्हणे!



गाडीतल्या टचस्क्रीनला फोन जोडला, नकाशा लावला, दहा-वीस किलोमीटर गेलात आणि सगळं गोठलं. बोट लावा, ठोका, शिव्या घाला, ढिम्म हलत नाही. तक्रार केली की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "बंद करून परत चालू करा." हे वाक्य आम्ही आयटीवाले दिवसातून दहा वेळा ऐकवतो, त्यामुळे त्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. ऑफिसातल्या कंप्युटरला ते ठीक आहे. तो ताशी ऐंशीने धावत नसतो आणि रिव्हर्सही घेत नसतो.

माझं म्हणणं एवढंच. चालत्या गाडीतली अडकलेली स्क्रीन हा गाडीचा दोष आहे. तो फोनचा नाही, ग्राहकाच्या अडाणीपणाचा तर मुळीच नाही. ज्याने ब्रोशरमध्ये ‘वायरलेस कनेक्टिव्हिटी’ असं ठळक छापून वरच्या व्हेरियंटचे लाखभर रुपये जास्त घेतले, त्यानेच तो निस्तरला पाहिजे.

आता हे गोठणं म्हणजे नक्की काय, ते पाहू. निम्मे गैरसमज इथेच आहेत. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपलचं कारप्ले (दोन्ही २०१४ साली जाहीर झाली) गाडीत चालतच नाही, ते चालतं फोनमध्ये. फोन चित्र तयार करतो, त्याचा व्हिडिओ गाडीकडे पाठवत राहतो आणि आपण स्क्रीनवर कुठे बोट लावलं ते गाडी फोनला उलट कळवते. म्हणजे त्या वेळी गाडीतली स्क्रीन हा निव्वळ टीव्ही असतो. वायर असेल तर ही सगळी ये-जा यूएसबीवरून. वायरलेस असेल तर आधी ब्लूटूथवर ओळखपाळख होते, तिथे वाय-फायची माहिती दिली-घेतली जाते आणि मग खरा माल वाय-फायवरून जातो. यातली एक कडी निसटली की व्हिडिओ थांबतो. फोन उन्हात तापला, बॅटरी वाचवायच्या नादात फोननेच ॲप झोपवलं, केबल नुसती चार्जिंगची निघाली, यूएसबीच्या खोबणीत धूळ बसली, कारणं पुष्कळ. जालन्याच्या एप्रिल-मे मध्ये डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनला हात लावून बघा, म्हणजे पहिलं कारण वेगळं समजवावं लागणार नाही.

कडी निसटणारच. प्रश्न आहे तो निसटल्यानंतर काय होतं हा. व्हिडिओ थांबला की पुष्कळ सिस्टीम शेवटचं चित्र तसंच दाखवत राहतात. नकाशा दिसतोय, आपला निळा बाण दिसतोय, पुढचं वळण दोन किलोमीटरवर दिसतंय, आणि ते वळण तुम्ही पाच मिनिटांपूर्वीच मागे टाकलेलं असतं. स्क्रीन काळी झाली असती तर माणूस सावध होतो. ही स्क्रीन खोटं बोलते, तेही अगदी शांत चेहऱ्याने.

आमच्याकडे हे राजूरला घडलं. राजूर म्हणजे राजुरेश्वर गणपतीचं राजूर, भोकरदन तालुक्यातलं. गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की पाऊण तासात गाव येतं. नकाशा लागतो कुणाला? रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. पण काकांनी नवी गाडी घेतलेली, त्यामुळे नकाशा लावणं आलंच. अंगारकीचा दिवस होता. अंगारकीला जालन्याहून लोक रात्रीच चालत निघतात, त्यामुळे पहाटेपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. नकाशा अर्ध्या वाटेत गोठला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दर्शन झालं, परत निघायला गाडी काढायची होती. शेतातच केलेलं पार्किंग, चारी बाजूंनी गाड्या. काकांनी रिव्हर्स टाकला, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं, मागे मोकळी जमीन. काका हळूहळू मागे घेऊ लागले. एवढ्यात डिकीवर धाडधाड हात पडले, "ओ, थांबा! म्हातारी हाये मागं!"

मागे एक आजी गाडीच्या सावलीला पाय पसरून टेकल्या होत्या. स्क्रीनवर अजून मोकळी जमीनच. चित्र आलं होतं आणि आल्याबरोबर गोठलं होतं. सेन्सरचं म्हणाल तर तो गर्दीमुळे सकाळपासून सारखाच कोकलत होता, त्याच्याकडे लक्ष द्यायचं सगळ्यांनी केव्हाच सोडलं होतं. आजींना काही लागलं नाही. त्यांनी उठून आम्हाला चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत आणि एकही चुकीचा नव्हता.

पुढे काका मला म्हणाले, "तू कंप्युटरवाला ना? बघ की मग." मी गाडी बंद केली, चालू केली. तेच! याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत किल्ली काढली तरी ती सिस्टीम पूर्ण बंद होत नाही, नुसती झोपते, म्हणजे पुढच्या वेळी झटकन उठावी. अडकलेली झोपली की अडकलेलीच उठते! खरा रिस्टार्ट बहुतेक वेळा आवाजाचं किंवा पॉवरचं बटण दहा-वीस सेकंद दाबून धरल्यावर होतो. कुठलं बटण, किती वेळ, हे दर गाडीला निराळं, आणि काकांच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये मला ते कुठेच सापडलं नाही. (मॅन्युअल इंग्रजीत. काकांचं शिक्षण मराठीत. गाडीचे हप्ते मात्र दोन्ही भाषांत सारखेच.)

शेवटी रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने सोडवलं. वीस-बावीसचा पोरगा. म्हणाला, "कामून टेन्शन घेता साहेब, मायनस काढू." बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना लावून बॅटरीची मायनसची तार सोडवली, आम्हाला चहा पाजला आणि दहा मिनिटांनी तार परत बसवली. सिस्टीम शून्यापासून उठली आणि सुरळीत चालली. घड्याळ तेवढं परत लावावं लागलं. मग त्याने फोनमधून गाडीचं नाव पुसलं, गाडीतून फोनचं नाव पुसलं आणि दोघांची नव्याने गाठ बांधून दिली. जाताना फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बॅटरीची बंधनंही काढून टाकली. याच्या पलीकडे मी तरी काय केलं असतं? चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत पठ्ठ्याने.

पुढच्या आठवड्यात अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथल्या ॲडव्हायझरने गाडी बघायच्या आत निदान केलं, "सर, फोनचा प्रॉब्लेम आहे." फोनवाल्यांच्या हेल्पलाइनला विचारलं तर म्हणे गाडीच्या कंपनीशी बोला. अहो, पण मागचा कॅमेरा माझ्या फोनात बसवलाय का? यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर, "अपडेट येईल सर." केव्हा? "येईल." जॉब कार्डवर शेरा पडला, ‘दोष आढळला नाही’. अर्थात! दोष सर्व्हिस सेंटरच्या सावलीत थोडाच आढळणार, तो भर दुपारी राजूरच्या शेतात आढळतो.

यावर हमखास येणारा प्रतिवाद म्हणजे, एवढं काय त्यात, गाणीच तर बंद पडली! नाही हो. ज्या स्क्रीनवर गाणी त्याच स्क्रीनवर कॅमेरा, काही गाड्यांत एसीही तिथेच. जगात इतरत्र हे केव्हाच ओळखलं गेलंय. अमेरिकेत २००२ साली एका बापाच्या हातून गाडी मागे घेताना स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा गेला. त्या मुलाच्या नावाने २००८ साली कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथे नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे, हे नियमातच आहे. त्यामुळे मे २०२५ मध्ये फोर्डला तिथे दहा लाखांहून जास्त गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. कारण? सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे मागच्या कॅमेऱ्याचं चित्र उशिरा येतं, गोठतं किंवा येतच नाही. त्याआधी २०२१ साली टेस्लाने सुमारे एक लाख पस्तीस हजार गाड्या याच जातीच्या दुखण्यासाठी परत बोलावल्या. त्यांच्यात आठ जीबीची मेमरी चिप होती, लिहून लिहून ती झिजायची आणि स्क्रीनच मरायची, बरोबर कॅमेराही. तिथे कुणी ‘फोनचा प्रॉब्लेम’ म्हणून हात झटकले नाहीत.

आणि सगळ्यात भारी किस्सा माझदाचा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या एका रेडिओ स्टेशनने प्रक्षेपणाबरोबर काही चित्रं पाठवली, त्या फाइलींच्या नावापुढे एक्स्टेन्शन नव्हतं. २०१४ ते २०१७ च्या माझदा गाड्यांतल्या सिस्टीम ती चित्रं बघून जी गोंधळल्या त्या रिस्टार्टच होत राहिल्या, थांबेनात. सिस्टीमचा तो भागच बदलायची वेळ आली. बाहेरून आलेल्या डेटावर विश्वास ठेवू नये हे आम्हाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात!

दुसरा प्रतिवाद माझ्याच जातभाईंचा. "बग असतातच रे, बगशिवाय सॉफ्टवेअर नसतं." मान्य. पण म्हणूनच तर वॉचडॉग नावाची साधी गोष्ट कित्येक दशकांपासून वापरात आहे. मुख्य प्रोग्रॅमने ठराविक वेळेत ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर हार्डवेअर त्याला आपणहून रिस्टार्ट करतं. मग स्क्रीनवर येणारं चित्र तीन सेकंद बदललंच नाही की ते पुसून ‘संपर्क तुटला’ असं लिहायला काय रॉकेट सायन्स लागतं? मागच्या कॅमेऱ्याचं चित्र गाणी-नकाशांच्या भानगडीतून न नेता वेगळ्या वाटेने स्क्रीनवर आणता येतं, काही कंपन्या आणतातही. पैसे थोडे जास्त लागतात, एवढंच. गाडीच्या सॉफ्टवेअरचं बरंच काम आपल्या पुण्यात होतं, वाचणाऱ्यांपैकी दोघं-चौघं तरी तिथे असतीलच. त्यांना विचारतो, तुमच्या टेस्ट केसमध्ये ‘रिव्हर्स टाकला आणि त्याच क्षणी फोन तुटला’ अशी एक तरी केस आहे का? नसेल तर सोमवारी घाला, कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

तिसरा प्रतिवाद, "मागे वळून बघावं की, कॅमेऱ्यावर कशाला विसंबता?" बघावंच. पण मग मागची काच एवढीशी आणि डिकी एवढी उंच कुणी केली? कॅमेरा आहे ना, म्हणूनच ती मोकळीक डिझाइनवाल्यांना मिळाली. आधी नजर काढून घ्यायची, बदल्यात स्क्रीन द्यायची आणि स्क्रीन गोठली की नजरेचा उपदेश करायचा, हा कुठला न्याय?

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे, कॅमेरा नाही. पण म्हणून सगळंच सुटलेलं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली, तिचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि त्यांतल्या दोषाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही बसतं. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार वाहन पोर्टलवर करता येते. अडचण अशी की तक्रारींचा आकडा ठराविक पातळीला गेल्याशिवाय यंत्रणा हलत नाही. आणि आकडा जाणार कसा? आपण सगळे तर बटण दाबून, मायनस काढून, ‘चालतंय ना आता’ म्हणून गप्प बसतो. कंपनीच्या लेखी राजूरला काही घडलंच नाही.

तेव्हा मायनस जरूर काढा (इंजिन बंद करून, आणि आधी मायनसच), पण त्याआधी गोठलेल्या स्क्रीनचा व्हिडिओ शेजारच्याला काढायला सांगा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि वेळ दिसू द्या. सेटिंगमध्ये सिस्टीमच्या सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर असतो, त्याचा फोटो. सर्व्हिस सेंटरला गेलात की ‘म्युझिक सिस्टीम चेक करणे’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘रिव्हर्स घेताना मागच्या कॅमेऱ्याचं चित्र गोठतं’ एवढे शब्द जॉब कार्डवर घालून घ्या आणि मगच सही करा. काकांनी दुसऱ्या खेपेला तसंच केलं. ॲडव्हायझर जरा कुरकुरला, आतून मॅनेजरला बोलावून आणलं, दोघांनी मिळून शब्द थोडे सौम्य करून बघितले. काकांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलून बसले. अर्ध्या तासाने हवं तसं लिहून मिळालं. आता त्या कागदाचा फोटो जोडून पोर्टलवर तक्रार टाकलीय. नंबर आलाय.